मधली रेघ : बाळाच्या वजनाचा इतिहास



"बाळ अंग धरत नाही हो." हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बोललं जात आलं आहे. या काळजीसाठी मराठीत शब्दांची एक पेटीच आहे. बाळ भरू लागलं की त्यानं बाळसं धरलं. दूध पिऊनही हातपाय काडीसारखे राहिले तर दूध अंगी लागत नाही. मूल बारीक पण तरतरीत असेल तर चणच लहान, बापावर गेलंय. आणि तेच मूल मलूल, किरकिरं झालं, फासळ्या मोजता येऊ लागल्या, की खंगत चाललंय. मग मुडदूस वगैरे भीतीचे शब्द निघायचे. या सगळ्या शब्दांत एक गोष्ट कुठेच सापडत नाही, ती म्हणजे आकडा.

आज आकडा आहे. आजचे आईबाप विचारतात, "साडेपाच महिने झाले, सहा किलो शंभर भरलं, कमी आहे का?" कमी म्हणजे कशापेक्षा कमी? तर डॉक्टरांच्या टेबलावरच्या किंवा मोबाइलमधल्या त्या तक्त्यातल्या मधल्या रेघेपेक्षा. काळजी जुनीच आहे, तिला मोजपट्टी नवी मिळाली. ही मधली रेघ आली कुठून, ती कोणाच्या बाळांवरून ओढली, आणि 'साधारणपणे असं असतं' इथून 'असंच असायला हवं' इथे आपण कधी येऊन पोचलो, हे आज बघायचं आहे.

एक खुलासा आधी करतो. आमची डॉक्टरकी तत्त्वज्ञानातली, ती ताप उतरवायच्या कामाची नाही. कुणाचं बाळ पीत नसेल, सुस्त पडत असेल, लघवी कमी करत असेल, तर हे व्याख्यान इथेच थांबवून दवाखाना गाठावा. इतिहास उद्याही ऐकता येईल.

काटा यायच्या आधी माणसं आंधळी होती असा आपला एक समज असतो. तसं नव्हतं. काश्यपसंहिता हा बालरोगांवरचा आपला जुना ग्रंथ. त्यात 'फक्क' नावाचा रोग सांगितला आहे. वर्षाचं होऊनही जे मूल पायांवर चालू लागत नाही ते फक्क. त्याचे प्रकार तीन : दुधाच्या दोषानं होणारा क्षीरज, आई पुन्हा गरोदर राहिल्यामुळे होणारा गर्भज, आणि दुसऱ्या आजारामागून येणारा व्याधिज. यातला मधला प्रकार लक्षात ठेवा. पुढचं बाळ पोटात आलं की अंगावरचं मूल सुकतं, हे निरीक्षण आहे. आता इथून थेट पश्चिम आफ्रिकेत जाऊ. १९३० च्या दशकात सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर बाई गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करत होत्या. पोट आणि पाय सुजलेली, केस विटलेली मुलं त्यांच्याकडे येत. त्यांनी तिथल्या बायकांना विचारलं, याला तुम्ही काय म्हणता? गा भाषेतला शब्द मिळाला : क्वाशिओरकोर. अर्थ असा की पाठचं भावंड आल्यावर मोठ्याला होतं ते दुखणं. १९३५ साली त्या नावानंच त्यांनी हा रोग वैद्यकीय जगापुढे मांडला आणि ते नाव जगभरच्या पुस्तकांत गेलं. दोन खंड, दोन भाषा, मध्ये हजारावर वर्षं, आणि बायकांच्या नजरेला दिसलेली गोष्ट एकच. त्यांच्याकडे वजनकाटा नव्हता. पण बाळ सुकण्यामागे घरात काय घडलंय हे त्यांना कळत होतं. काटा आल्यावर ही दुसरी गोष्ट विचारायची आपण थोडी विसरलो, असं आम्हाला वाटतं. त्याकडे पुढे येऊच.

माणूस तोलायची कल्पना युरोपात सतराव्या शतकात रुळली. इटलीत सांतोरियो नावाचा वैद्य काट्याला टांगलेल्या खुर्चीत बसून स्वतःला, स्वतःच्या जेवणाला आणि मलमूत्राला तोलत असे. त्याचं पुस्तक १६१४ चं. पण तो मोठ्या माणसांचा, म्हणजे स्वतःचाच, हिशेब होता. नवजात बाळ नीट तोलून आकडे छापले ते १७५३ साली, गटिंगनच्या योहान रोएडररनं. तोवर प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत बाळाच्या जन्मवजनाचे असे काही आकडे फिरत होते की ते वाचून आजची सुईण हसेल. कुणी तोललंच नव्हतं, एकानं लिहिलं ते दुसऱ्यानं उतरवलं. आपल्या विद्यापीठांतही ही प्रथा अपरिचित नाही, असो.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये एक बाप होता. गेनो द मोंबेयार त्याचं नाव. १७५९ साली त्याला मुलगा झाला, आणि पुढची अठरा वर्षं, साधारण सहा सहा महिन्यांनी, तो त्या मुलाची उंची मोजत राहिला. ब्यूफों या निसर्गशास्त्रज्ञानं ते आकडे १७७७ साली आपल्या ग्रंथात छापले. वजन नव्हे, उंची. पण आपल्याला महत्त्वाची आहे ती पद्धत. एकच मूल, अठरा वर्षं. ते कधी भरभर वाढलं, कधी रेंगाळलं, किशोरवयात कसं उसळी मारून गेलं, हे त्यात दिसतं. ही एका मुलाची वाट आहे.

दुसरी पद्धत आली ती बेल्जियमच्या अडॉल्फ केतले यांच्याकडून. हे मुळात खगोलशास्त्रज्ञ. खगोलशास्त्रात एकाच ताऱ्याची जागा दहा जण मोजतात, दहा आकडे थोडे थोडे वेगळे येतात. त्यांची सरासरी काढली की खरी जागा हाती लागते, बाकी सगळी मोजणाऱ्यांची चूक. केतले यांनी हेच गणित माणसांना लावलं. १८३५ सालच्या ग्रंथात त्यांनी 'सरासरी माणूस' उभा केला. ब्रुसेल्समधली नवजात बाळं तोलली, मुलं तोलली, मोठी माणसं तोलली, वयावार सरासरी काढली. काही फार उपयोगी गोष्टी यातून निघाल्या. उदाहरणार्थ, जन्मल्यावर पहिले दोनतीन दिवस बाळाचं वजन घटतं हे त्यांच्या आकड्यांत दिसतं. आजही ते खरं आहे. पहिल्या दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत ते भरून येतं. दर घरात या दिवसांत रडारड होते. ती आकडा माहीत असला तर टळते.

पण आता बघा, गडबड कुठे झाली. ताऱ्याची जागा एकच असते म्हणून सरासरीपासूनचं अंतर ही चूक ठरते. बाळं मात्र एक नसतात. हजार बाळांची सरासरी काढली तर ती हजारातल्या कुणाचीच खरी जागा नसते. केतले यांच्या मनात मात्र सरासरी माणूस हा जणू निसर्गाच्या डोळ्यांसमोरचा नमुना होता आणि तुम्ही-आम्ही त्या नमुन्याच्या बिघडलेल्या प्रती. 'आहे' वरून 'असायला हवं' काढता येत नाही, हे ह्यूमनं त्याच्या शंभरेक वर्षं आधी सांगून ठेवलं होतं. पुढे १९४३ मध्ये जॉर्ज कांगिलेम यांनी, ते वैद्यही होते आणि तत्त्वज्ञही, याच विषयावर प्रबंध लिहिला : सर्वसाधारण असणं आणि निरोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे सगळं फार कोरडं वाटतं. पण तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन तक्त्याकडे बघणाऱ्या आईला ते जिवाशी येऊन भिडतं. मधल्या रेघेचा अर्थच असा की निम्मी निरोगी बाळं तिच्या खाली असणार. सगळ्यांनी वर यावं अशी इच्छा धरली तर रेघच वर सरकेल.

आता काटा घरात आणि दवाखान्यात कसा शिरला ते पाहू. हा भाग पॅरिसचा. तिथे बाळ दाईकडे दूध पाजायला देण्याची रीत मोठी होती. दाई किती पाजते, पाजते तरी का, हा शहरी आईबापांचा घोर. १८५२ मध्ये नाताली गियो या डॉक्टरनं बाळ पाजण्याआधी आणि पाजल्यावर तोललं, वजाबाकी केली, दाईचं दूध किती ते काढलं. म्हणजे बघा, बाळाच्या पाळण्याजवळ काटा आला तो मुळात पाजणारीवर पहारा ठेवायला. पुढे दाई गेली, आई आली, पहारा मात्र राहिला.

१८७० च्या युद्धात फ्रान्सचा जर्मनांकडून पराभव झाला. फ्रान्समध्ये जन्माचं प्रमाण घसरत होतं, तान्ही मुलं उन्हाळ्यात हगवणीनं पटापट जात होती. सैनिक कुठून आणायचे, हा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे उभा राहिला, आणि बाळाचं वजन हा राष्ट्राचा विषय झाला. १८९२ साली प्येर ब्युदॅं यांनी पॅरिसच्या शारिते रुग्णालयात तान्ह्या बाळांसाठी सल्लाकेंद्र सुरू केलं. तिथे बाळंत झालेल्या बायकांनी बाळाला घेऊन आठवड्याच्या आठवड्याला यायचं, बाळ तोलायचं, वहीत लिहायचं. आईचं दूध हेच ब्युदॅं यांचं पहिलं औषध, ते पुरत नसेल तरच उकळून निर्जंतुक केलेलं दूध. त्याच वर्षी बेलव्हील या कामगार वस्तीत गास्ताँ व्हारियो यांचा दवाखाना निघाला, आणि १८९४ मध्ये फेकाँ या बंदराच्या गावी लेओं द्युफूर यांनी 'दुधाचा थेंब' नावाची संस्था काढली. बेलव्हीलच्या दवाखान्याचं जाँ जोफ्र्वा यांचं तीन भागांचं एक चित्र आहे, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. त्यात बाळ काट्यात आहे आणि बायका आपापली बाळं घेऊन बसल्या आहेत. आपल्याकडच्या लसीकरणाच्या दिवशीचा ओटा आठवावा, तसंच.

या केंद्रांनी मुलं वाचवली, यात शंका घेऊ नये. हगवण लागलेलं मूल डोळ्यांना सुकलेलं दिसायच्या आधी काट्याला कळतं. आजीची नजर कितीही तयार असली तरी रोज पाहणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. काट्याची खरी कमाई इथे आहे, आणि आजच्या बोलण्यातून कुणी 'काटा फेकून द्या' असा अर्थ काढला तर तो आमच्या नावावर घालू नये.

पण काट्यामागून बाजार आला. न्यूझीलंडच्या दुधाची भुकटी करून विकणाऱ्या जोसेफ नेथन कंपनीनं ग्लॅक्सो या नावाखाली गुबगुबीत बाळांची जाहिरात सुरू केली. ती आपल्याकडे इतकी मुरली की 'ग्लॅक्सो बेबी' हा मराठी घरातला शब्दच झाला. आपल्या गावोगावच्या सुदृढ बालक स्पर्धा आठवा. आयांनी बाळाला तीट लावून, झबलं घालून आणायचं, आणि जाडजूड बाळानं पेला जिंकायचा. अमेरिकेतही शेतकी प्रदर्शनांत, जिथे बैल आणि भोपळे तोलायचे, तिथेच बाळांच्या स्पर्धा भरत. बाळसं आणि आरोग्य ही एकच गोष्ट आहे, हे या स्पर्धांनी दोनतीन पिढ्यांच्या मनात पक्कं बसवलं. भारतात डब्याच्या दुधाची जाहिरात बंद झाली ती १९९२ च्या कायद्यानं. तोवर चित्रातल्या बाळानं आपलं काम केलं होतं.

आता येतो आमच्या मते सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे. अमेरिकेच्या ओहायो राज्यात यलो स्प्रिंग्ज नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या फेल्स संशोधन संस्थेनं १९२९ पासून १९७५ पर्यंत आसपासच्या मुलांची वाढ मोजली. बहुतेक गोरी, मध्यमवर्गी घरातली मुलं, आणि बहुतेक बाटलीच्या दुधावर वाढलेली, कारण त्या काळी तिथे तीच रीत होती. १९७७ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य आकडेवारी केंद्रानं जे तक्ते काढले, त्यांतला पहिल्या तीन वर्षांचा भाग या मुलांवर उभा होता. आणि १९७८ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं तेच तक्ते जगभर चालवले.

याचा परिणाम आकड्यांतच बघा. त्या तक्त्यात मुलग्याचं मधलं वजन तीन महिन्यांना सुमारे ६ किलो आणि वर्षाला १०.२ किलो. आईच्या दुधावरच्या बाळांचा नवा तक्ता पुढे निघाला. त्यात मुलग्याचं तेच वजन तीन महिन्यांना ६.४ आणि वर्षाला ९.६. म्हणजे अंगावर पिणारं बाळ आधी पुढे जातं आणि मग हळू होतं, बाटलीचं बाळ मागून येऊन वजनदार होतं. आता जुना तक्ता घेऊन बसलेल्या डॉक्टरपुढे अंगावर पिणारं ठणठणीत बाळ ठेवा. चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत सगळं छान, आणि मग रेघ खाली वळायला लागते. डॉक्टर काय म्हणणार? "दूध पुरत नाही, वरचं सुरू करा." जवळपास तीस वर्षं जगभर किती आयांनी हे ऐकलं असेल! घरातल्या मोठ्या बायकांनी मान डोलावली असेल, "आमच्या वेळी असं नव्हतं." वरचं दूध सुरू झालं की अंगावरचं खरंच आटतं, म्हणजे भाकीत आपणच आपलं खरं करतं. आणि जिथे पाणी स्वच्छ नाही तिथे ती बाटली जिवावर बेतते. दोष त्या बाईच्या दुधात नव्हता. तक्ता दुसऱ्याच बाळांचा होता.

आपल्या अंगणवाडीचंही तसंच. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांत सुरू झाली. मुलांची श्रेणी ठरवायला १९७२ चं भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचं वर्गीकरण होतं : अपेक्षित वजनाच्या ८० टक्क्यांवर असेल तर साधारण, मग खाली पहिली ते चौथी श्रेणी. अपेक्षित वजन कुणाचं? हार्वर्डच्या तक्त्यातलं, म्हणजे बोस्टनच्या मुलांचं. मेळघाटातलं कोरकू बाळ झोळीत घालून टांगत होते, आणि झोळीच्या दुसऱ्या टोकाला, न दिसणारं, बोस्टनचं बाळ होतं.

हे ऐकून कुणाच्याही मनात पुढचा प्रश्न येईल, आणि तो पुण्यात एका मोठ्या माणसाच्या मनात आला होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११ चा. जगातल्या नावाजलेल्या संख्याशास्त्रज्ञांपैकी एक. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत वीस वर्षं संख्याशास्त्राची धुरा वाहून ते पुण्याला परतले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : एकाच माणसाची उष्मांकाची गरज दर दिवशी, दर आठवड्याला बदलते. शरीर स्वतःला जुळवून घेतं. तेव्हा सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी मानला तर उपाशी माणसांची संख्या फुगते. कुपोषण मोजायचं तर रेघ बरीच खाली ओढायला हवी. याच सुमारास डेव्हिड सेकलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं 'लहान पण निरोगी' हा शब्दप्रयोग रूढ केला : गरीब देशांतली पुष्कळशी किरकोळ मुलं आजारी नाहीत, परिस्थितीला जुळलेली आहेत.

पुण्यातच गोखले संस्थेत वि. म. दांडेकर होते. त्यांनी आणि नीलकंठ रथांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा जो हिशेब मांडला होता तो २२५० उष्मांकांच्या रेघेवर होता. सुखात्मे-दांडेकर वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. पोषणशास्त्राकडून सी. गोपालन उभे राहिले. त्यांचा सवाल बोचरा होता. लहान असणं निरोगी असेल, तर ते फक्त गरिबांच्याच मुलांसाठी का? श्रीमंतांची मुलं याच देशात, याच रक्ताची, उंच आणि भरलेली का होतात?

आम्हाला हा वाद फार मोलाचा वाटतो, कारण त्यात दोन्ही बाजूंना काही खरं आहे आणि दोन्ही बाजूंना धोका आहे. सरासरीची रेघ हुकूम म्हणून वाचू नका, हे सुखात्म्यांचं म्हणणं तत्त्वतः बरोबर. मघाशी केतले यांच्याबद्दल आम्ही तेच म्हणत होतो. घाण पाणी आणि जंत यांच्यामुळे खाल्लेलं अंगी लागत नाही, याकडेही त्यांनी आग्रहानं बोट दाखवलं होतं. पण 'चणच लहान' हे वाक्य घरातल्या आजीनं नातवाबद्दल म्हणणं वेगळं, आणि सरकारनं एका अख्ख्या आदिवासी तालुक्याबद्दल म्हणणं वेगळं. आजीचं वाक्य आईला धीर देतं. सरकारचं तेच वाक्य ताटातलं काढून घेऊ शकतं. अन्याय जर पिढ्यान्‌पिढ्या चालला तर त्याचीच सरासरी होते, आणि मग ती निसर्ग म्हणून मिरवते. आमचा कौल इथे गोपालन यांच्या बाजूनं आहे.

या कोंडीतून वाट निघाली ती दोन बाजूंनी. एक, तक्ता कोणाच्या बाळांचा हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला गेला. १९९७ ते २००३ या काळात जागतिक आरोग्य संघटनेनं सहा ठिकाणची बाळं मोजली : ब्राझीलचं पेलोतास, घानाचं आक्रा, आपली दिल्ली, ओमानचं मस्कत, नॉर्वेचं ऑस्लो आणि कॅलिफोर्नियातलं डेव्हिस. सुमारे ८,५०० मुलं. अट अशी की आई धूम्रपान करत नाही, घरात खाण्यापिण्याची ददात नाही, आणि बाळ अंगावर पितं. २००६ मध्ये तक्ते निघाले. सहाही ठिकाणच्या बाळांची लांबी जवळजवळ सारखी वाढली होती. दक्षिण दिल्लीचं सुखवस्तू बाळ आणि ऑस्लोचं बाळ पहिल्या वर्षांत फारसं वेगळं नव्हतं. गोपालन यांच्या सवालाला हे उत्तर मिळालं. आणि या तक्त्यानं उघडच सांगितलं की आम्ही बाळं 'कशी वाढतात' एवढंच सांगत नाही, सोय असली तर ती 'कशी वाढू शकतात' ते सांगतो. 'असायला हवं' हा शब्द चोरून आणण्यापेक्षा असा दारातून आणलेला बरा, अटींसकट. अंगणवाड्यांत हे तक्ते २००८ पासून आले.

दुसरी बाजू मोंबेयारची. फ्रान्झ बोआस यांनी अमेरिकेत शाळकरी मुलं मोजताना दाखवलं होतं की प्रत्येक मुलाच्या वाढीची लय निराळी असते. कुणी द्रुत, कुणी विलंबित. (आमच्यासारख्या गाणं ऐकणाऱ्याला हे पटकन कळतं. विलंबित गाणाऱ्याला कुणी 'मागे पडला' म्हणत नाही.) हजार लयींची सरासरी काढली की लय नाहीशी होते. डेव्हिड मॉर्ले या इंग्रज बालरोगतज्ज्ञांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात नायजेरियाच्या इमेसी गावात ही गोष्ट कामाला लावली. त्यांचं 'आरोग्याच्या वाटेचं' कार्ड म्हणजे एक जाड कागद, त्यावर दोनच रेघा, आणि मधल्या पट्ट्यात बाळाचे दर महिन्याचे ठिपके. ठिपका कुठे आहे यापेक्षा ठिपके जोडणारी रेघ कुठे चालली आहे, ते बघायचं. वर चालली असेल तर बाळ खालच्या रेघेजवळ असूनही ठीक. आडवी झाली असेल तर वरच्या रेघेजवळचं बाळही चौकशीला घ्यायचं : हगवण झाली का, पाठचं भावंड येतंय का, आई शेतावर जाते तेव्हा कोण भरवतं? काश्यपसंहितेतला आणि गा भाषेतला तो प्रश्न इथे परत आला. आणि मॉर्ले यांचा हट्ट असा की हे कार्ड दवाखान्याच्या कपाटात राहायचं नाही, आईच्या घरी राहायचं.

वजन हा सगळा हिशेब नाही, हेही पुण्यानंच दाखवलं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून बाळं मोजली. सरासरी जन्मवजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू, चरबी त्या मानानं टिकून होती. दिसायला किरकोळ, आतून चरबीचं. अशा बाळाला घाईनं गुटगुटीत करायला गेलं तर पुढे मधुमेहाची वाट सोपी होते, असा या संशोधनाचा रोख आहे. सुदृढ बालक स्पर्धेचा पेला आता कुणाला द्यायचा ते तुम्हीच ठरवा.

आणि याच महाराष्ट्रात गडचिरोली आहे. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च'नं १९९० च्या दशकात ३९ गावांतल्या बायकांना शिकवलं : जन्मलेलं बाळ घरीच तोला, ऊब द्या, पाजायला मदत करा, जंतुसंसर्ग ओळखा आणि उपचार करा. १९९९ साली लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले. नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झालं होतं. तिथे काट्यावरचा आकडा हा आईविरुद्धचा पुरावा नव्हता. आकडा कमी आला की त्या घरी पुन्हा पुन्हा जायचं, एवढाच त्याचा अर्थ होता.

काम मात्र संपलेलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी, ३६.१ टक्के कमी वजनाची, २५.६ टक्के उंचीच्या मानानं रोड निघाली. एकाच राज्यात काही घरांत दर रविवारी बाळ तोलून उगाच झोप उडवली जाते, आणि काही पाड्यांवर बाळाची रेघ तीन महिने आडवी असूनही कुणाचं लक्ष जात नाही.

आता अंगणवाडी सेविका वजन मोबाइलमध्ये भरते, श्रेणी यंत्र ठरवतं, आकडा जिल्ह्याला आणि दिल्लीला जातो. आईकडच्या कार्डावर ठिपका पडतो की नाही, हे त्या सेविकेच्या सवडीवर. तेव्हा ज्यांच्या घरी तान्हं आहे त्यांनी पुढच्या लसीला जाताना कार्ड न्यावं, आपल्यासमोर ठिपका काढून घ्यावा, आधीच्या दोनतीन ठिपक्यांना तो जोडून बघावा. रेघ आडवी झाली असेल तर तिथेच विचारावं. इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.